बर्फांतील पाऊल

ठाकुर्ली स्टेशनाच्या पुलावरून स्वच्छ दिवशीं आग्नेयेकडे पाहिलें म्हणजे मलंगगडाचे सुळके दिसतात. कल्याण-डोंबिवलीच्या बाजूच्या तरुण-तरुणींना डोंगर चढण्याची गोडी लागते ती पुष्कळदां या गडापासूनच. पुढें माहुली होतो, गोरखगड आणि सिद्धगड होतात, एके दिवशीं कळसूबाईही होते. आणि मग एखाद्या हिंवाळ्यांत चारपांच मित्र हिमालयांत जाऊन बर्फांत तंबू ठोकून राहण्याचा बेत करतात. मार्ग ठरतो, आगगाडीचीं तिकिटें निघतात, गरम कपड्यांची लांबलचक यादी तयार होते. त्या यादीच्या तळाशीं 'बूट' असा एकच शब्द असतो, आणि त्यापुढें 'आहेत' असें लिहिलेलें असतें. घरांत असलेले हे बूट म्हणजे सकाळीं धांवावयास जाण्याचे जाळीदार जोडे, नाहीं तर सह्याद्रीच्या कातळावर झिजलेले हलके रबरी जोडे. त्या एका शब्दांत सबंध सहलीचें यशापयश, आणि प्रसंगीं पायांचीं बोटेंही, गुंतलेलीं असतात याची जाणीव थोड्यांनाच असते.

ही उणीव बुद्धीची नव्हे, अनुभवाची आहे. ठाकुर्ली हें गांव समुद्रसपाटीहून फारसें उंच नाहीं. येथील माणसाला चिखल ठाऊक आहे, तापलेला खडक ठाऊक आहे, श्रावणांतील निसरडें शेवाळ ठाऊक आहे. बर्फ मात्र त्यानें सरबतांतच पाहिलेला असतो. हवेंत वर चढतां चढतां दर हजार मीटरला उष्णमान सरासरीनें साडेसहा अंशांनीं उतरतें. उत्तरकाशी जिल्ह्यांतील केदारकंठा हें शिखर महाराष्ट्रांतील हौशी मंडळींच्या विशेष आवडीचें झालें आहे. त्याची उंची सुमारें ३,८०० मीटर आहे. म्हणजे केवळ उंचीमुळेंच तेथील हवा समुद्रकांठच्या हवेपेक्षां सुमारें पंचवीस अंशांनीं थंड असावयाची. त्यांत उत्तरेकडील हिंवाळा, रात्र आणि वारा यांची भर पडली म्हणजे पारा शून्याच्या बराच खालीं जातो. अशा ठिकाणीं सबंध शरीराचा जमिनीशीं जो संबंध येतो, तो दोन तळव्यांच्या द्वारें. तंबूंत गादी असते, अंगावर रजई असते. परंतु दिवसाचे सहासात तास बर्फाला टेकलेलें असतें तें पाऊलच.

थंडी प्रथम पायांनाच कां गांठते, याचें कारण शरीराच्या व्यवस्थेंत आहे. हृदय, फुप्फुसें आणि मेंदू यांची ऊब राखणें हें शरीराचें पहिलें कर्तव्य. बाहेर गारठा वाढला कीं हातापायांच्या टोकांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि ऊष्ण रक्त मधल्या भागाकडे राखलें जातें. घरांत धान्य थोडें उरलें असतां कर्ती बाई दूरच्या पाहुण्यापेक्षां घरच्या लेंकरांचा विचार आधीं करते, तसाच हा प्रकार. पायांचीं बोटें हे या घरचे दूरचे पाहुणे होत. त्यांच्यांत मांस थोडें, स्नायू थोडे, आणि हृदयापासून अंतर सर्वांत अधिक. म्हणून बोटांना ऊब पुरविण्याचें काम रक्त करीनासें झालें म्हणजे उरलेली ऊब राखून ठेवण्याचें काम बुटावर येतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. बूट ऊब निर्माण करीत नाहीं. तो ती केवळ राखतो. ठाकुर्लीजवळ चोळे येथें रेल्वेला वीज पुरविणारें वाफेचें वीजगृह पूर्वीं होतें. तें आतां बंद झालें आहे. अशा वीजगृहांत वाफेच्या नळ्यांभोंवतीं जाड वेष्टण असतें. तें वेष्टण वाफ तापवीत नाहीं. तापलेल्या वाफेची ऊष्णता वाटेंत वायां जाऊं देत नाहीं. पायाचीही तीच गोष्ट. आणि या कामीं खरा पहारेकरी चामडें नव्हे, कापड नव्हे, तर त्यांच्या आंत अडकून पडलेली स्थिर हवा होय. लोंकर ऊबदार लागते ती तिच्या कुरळ्या तंतूंत हवा कोंडलेली असते म्हणून.

यावरून बर्फांतील पावलाचे तीन शत्रू कोणते तें सहज उमगतें. पहिला शत्रू म्हणजे ओल. पाणी ऊष्णतेला स्थिर हवेपेक्षां वीसपटींहूनही अधिक वेगानें वाहून नेतें. तेव्हां मोजा भिजला कीं त्यांतील हवेची जागा पाणी घेतें आणि पहारेकरीच चोराला मिळतो. ही ओल बाहेरच्या बर्फाची असते तशीच आंतल्या घामाचीही असते. दुसरा शत्रू म्हणजे घट्टपणा. आंवळलेल्या बुटांत हवेला जागा उरत नाहीं आणि आधींच आकसलेल्या रक्तवाहिन्या आणखी दाबल्या जातात. थंडी वाजते म्हणून दोनावर तिसरा जाड मोजा कोंबणारा मनुष्य आपल्याच हातानें आपलें रक्त अडवितो. तिसरा शत्रू म्हणजे पातळ तळ. तळ पातळ असला तर पायाची ऊब सरळ बर्फांत उतरते.

या शत्रूंनीं इतिहासांत घेतलेले बळी थोडे नाहींत. १९१४ सालच्या हिंवाळ्यांत फ्रान्समधील खंदकांत सैनिक दिवसचे दिवस ओल्या बुटांनीं उभे राहिले, तेव्हां बर्फ गोठविण्याइतकी थंडी नसतांही हजारोंचे पाय सुजून निकामी झाले. पुढें कोरडे मोजे वारंवार बदलण्याची आणि पायांना तेल चोळण्याची सक्ती झाल्यावर हा रोग आटोक्यांत आला. १९६२ च्या ऑक्टोबरांत नामकाचू नदीच्या कांठीं आपल्या जवानांना सुती गणवेष आणि कॅनव्हासचे जोडे यांवर हिमालयाच्या थंडीला तोंड द्यावें लागलें, ही व्यथा देश अजून विसरलेला नाहीं. ३ जून १९५० रोजीं मोरिस हेरझोग आणि लुई लाशनाल हे दोन फ्रेंच वीर अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोंचले. आठ हजार मीटरांहून उंच असलेल्या शिखरावर मनुष्याचें पाऊल पडण्याचा तो पहिलाच प्रसंग. परंतु त्या पावलांचीं बोटें परत आलीं नाहींत. दोघांनाही हिमदंशानें पायांचीं सर्व बोटें गमवावीं लागलीं. चढतांना लाशनालला आपल्या पायांची धास्ती वाटत होती, आणि ती धास्ती खरी ठरली.

आतां जोड्यांची निवड. बाजारांत मिळणाऱ्या पादत्राणांचे या कामापुरते चार वर्ग करतां येतील. पहिला वर्ग धांवण्याच्या जोड्यांचा. त्यांची जाळी वारा खेळता राहावा म्हणूनच विणलेली असते; बर्फांत तिच्यांतून पाणी खेळूं लागतें. हे जोडे तंबूच्या बाहेर नेऊं नयेत. दुसरा वर्ग गुडघ्यापर्यंतच्या रबरी गमबुटांचा. यांत बाहेरचें पाणी शिरत नाहीं हें खरें, परंतु आंतला घामही बाहेर पडत नाहीं. शिवाय टाच आंत हलत राहून फोड येतात. शेतांत तासभर वावरावयास ते उत्तम, दिवसभर चढावयास नव्हेत. तिसरा वर्ग घोट्याच्या वर येणाऱ्या, जाड आणि खोल दात्यांच्या तळाच्या, जलरोधक डोंगरी बुटांचा. केदारकंठ्यासारख्या सहलीला हाच वर्ग योग्य. चौथा वर्ग दुहेरी बुटांचा. यांत बाहेर कठीण कवच आणि आंत काढतां येणारा ऊबदार बूट असतो. एव्हरेस्टसारख्या मोहिमांना असें पादत्राण लागतें. सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्यें एव्हरेस्टवर पोंचले, किंवा पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे वीर २०१२ मध्यें तेथें गेले, ती वाट निराळी. चार दिवसांच्या सहलीसाठीं तसले जड आणि महाग बूट घेणें म्हणजे परसांतली विहीर सोडून गंगेची कावड आणण्यासारखें आहे. पायावरील वजन हें पाठीवरील वजनापेक्षां कितीतरी पटींनीं थकवितें, कारण प्रत्येक पावलागणिक तें उचलावें लागतें.

तिसऱ्या वर्गांतील बूट निवडतांना प्रथम त्याचा तळ पाहावा. जुन्या काळीं गिर्यारोहक चामड्याच्या तळाला लोखंडी खिळे ठोकीत. खिळे बर्फाला धरीत. परंतु लोखंडाच्या वाटेनें पायाची ऊबही बाहेर जाई. १९३५ मध्यें आल्प्स पर्वतांत वादळांत सांपडून सहा इटालियन गिर्यारोहक मरण पावले. कातळ चढण्यासाठीं त्यांनीं पातळ तळाचे जोडे घातले होते आणि बर्फानें गांठल्यावर ते निरुपयोगी ठरले. त्यांच्या सोबत्यांपैकीं विताले ब्रामानी यानें या दुःखांतून खोल दात्यांचा रबरी तळ शोधून काढला आणि १९३७ मध्यें तो प्रचारांत आणला. कातळ आणि बर्फ या दोहोंवरही चालणारा हा तळ आज जगभर सर्वत्र दिसतो. दाते खोल असावेत, एकमेकांपासून अंतरावर असावेत, म्हणजे त्यांत बर्फ भरून तळ सपाट होत नाहीं. बूट दोन्ही हातांत धरून पिळून पाहावा. चिंधीसारखा वळला तर बर्फांत टांच रोवतां येणार नाहीं. मात्र टणक झालेल्या बर्फावर कोणताही रबरी तळ घसरतोच. त्यासाठीं सांखळीला लोखंडी दाते जोडलेले मायक्रोस्पाइक बुटावरून चढवावे लागतात. केदारकंठ्याच्या पायथ्याशीं सांकरी गांवांत ते भाड्यानें मिळतात. तेव्हां ते विकत घेण्याची गरज नाहीं. जें पायाला साक्षात् भिडतें तें स्वतःचें असावें, जें बुटाला भिडतें तें भाड्याचें चालेल, हा नियम सोपा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरचें आवरण. जाड चामड्याला मेण चोळलें म्हणजे तें पाणी पुष्कळ काळ अडवितें. अलीकडील बुटांत चामड्याच्या किंवा कापडाच्या आंत एक पातळ पापुद्रा असतो. १९६९ मध्यें अमेरिकेंत बॉब गोर यांनीं शोधलेल्या पदार्थापासून निघालेला गोअर-टेक्स हा त्यांतील प्रसिद्ध प्रकार. त्याचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म असतात कीं पाण्याचा थेंब आंत येऊं शकत नाहीं, पण घामाची वाफ बाहेर जाऊं शकते. तरीही बुटाचें तोंड उघडेंच असतें आणि गुडघाभर बर्फ तेथूनच आंत शिरतें. यासाठीं घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गेटर बांधतात. हें कांहीं परक्यांचें शहाणपण नव्हे. हिमालयांतील रहिवासी पूर्वींपासून पायांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळीत आले आहेत. 'पट्टी' हा शब्दच इंग्रजी फौजेनें उचलला आणि आपल्या शिपायांच्या पायांना बांधला. लडाखांतील लोंकरी अंगाचा पाबू जोडा काय किंवा कुलूकडील भांगेच्या तंतूंचा पुला काय, दोन्ही मोकळे आणि ऊबदार आहेत. कोरड्या बर्फांत आणि घराच्या आसपास ते तेथील माणसाला पुरतात. कोल्हापुरी वहाण जशी आपल्या उन्हाळ्यासाठीं घडली, तसेच ते जोडे त्या भूमीसाठीं घडले आहेत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट माप. 'पायाची वहाण पायींच बरी' असें आपण म्हणतों; पण ती पायीं नीट बसली तर. बूट घेण्यास संध्याकाळीं जावें, कारण दिवसभराच्या चालण्यानें पाय किंचित् फुगलेला असतो आणि डोंगरांतही तो तसाच फुगतो. सहलींत घालावयाचे मोजे बरोबर न्यावेत आणि ते घालूनच बूट पाहावा. नाडी न बांधतां पाय पुढें सारला असतां टांचेमागें एक बोट सहज जावें. मग नाडी बांधून दुकानाच्या जिन्यावरून खालीं उतरून पाहावें. उतरतांना अंगठा पुढें आदळत असेल तर तो जोडा कितीही देखणा असला तरी परत द्यावा. बर्फांतून उतरतांना हाच अंगठा काळानिळा होईल. चढतांना टांच आंत उचलली जाऊं नये, बोटें मात्र मोकळीं हलावींत. नेहमींच्या मापापेक्षां अर्धें किंवा एक माप मोठा बूट बहुधा लागतो. घरच्या वडील माणसांनीं मुलासाठीं दुकानांतून परस्पर बूट आणणें ही मायेची गोष्ट खरी, परंतु या कामीं ती घातक ठरते. जो चालणार त्याचाच पाय दुकानांत गेला पाहिजे.

मोजे सुती नसावेत. सूत घाम पिऊन बसतें आणि लवकर वाळत नाहीं. लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें एकतृतीयांश ओल शोषूनही अंगाला ओली लागत नाहीं. आंत एक पातळ आणि वर एक जाड लोंकरीचा मोजा पुरे. चालण्यासाठीं दोन जोड, आणि फक्त झोंपण्यासाठीं एक जोड निराळा ठेवावा; तो तंबूबाहेर कधींही घालूं नये. नखें निघण्यापूर्वीं दोनतीन दिवस आधीं सरळ कापावींत.

नवा बूट एकदम बर्फांत नेणें म्हणजे परीक्षेच्या सकाळीं पुस्तक उघडण्यासारखें आहे. निदान महिनाभर आधीं तो घ्यावा. पहिल्या आठवड्यांत ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर आणि स्टेशनाच्या जिन्यावर रोज तासभर वापरावा. नंतर पाठीवर ओझें घेऊन मलंगगड एकदोनदां करावा. जेथें टोंचेल, तेथें घरींच टोंचलेलें बरें. जुना बूट माळ्यावरून काढणाऱ्यांनीं तर अधिकच सावध असावें. पुष्कळ बुटांच्या तळांत पॉलियुरेथेन नांवाच्या पदार्थाचा मऊ थर असतो. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत तीनचार पावसाळे पडून राहिला म्हणजे तो थर आंतल्या आंत विरतो. वरून बूट धडधाकट दिसतो आणि चढावर तळ एकदम गळून पडतो. अशा बुटाचा तळ घरींच वांकवून, दाबून, चालून पाहावा. चामड्याला आलेली बुरशी पुसून, तें सावलींत वाळवून मगच मेण लावावें.

मुक्कामावरची शिस्त बुटाच्या किंमतीपेक्षां मोलाची आहे. २९ मे १९५३ च्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तंबूंत एडमंड हिलरी जागे झाले, तेव्हां रात्रीं काढून ठेवलेले त्यांचे बूट दगडासारखे गोठले होते. चुलीवर धरून ते मऊ करण्यांत मोलाचा वेळ गेला. तेनसिंग यांनीं आपले बूट रात्रभर पायांतच ठेवले होते. म्हणून रात्रीं बूट तंबूच्या बाहेर ठेवूं नयेत. बर्फ झटकून, पिशवींत घालून ते झोंपण्याच्या पिशवीच्या पायथ्याशीं आंत घ्यावेत. ओले मोजे पोटाजवळ ठेवले तर सकाळपर्यंत पुष्कळसे वाळतात. घट्ट झांकणाच्या बाटलींत गरम पाणी भरून ती मोज्यांत गुंडाळून पायांशीं घेतली तर ऊब आणि सकाळचें पाणी दोन्ही मिळतात. शेकोटीजवळ मात्र बूट वाळवूं नयेत. चामडें तडकतें आणि तळाचा डिंक सुटतो. बूट वाटेंतच भिजला तर कोरडा मोजा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि मग ओला बूट, या क्रमानें मुक्कामापर्यंत निभावतां येतें.

इतकें करूनही हिमदंशाचीं लक्षणें प्रत्येकानें ओळखलीं पाहिजेत. बोट दुखतें तोंवर तें जिवंत असल्याची खूण आहे. दुखणें थांबून तें बधिर झालें, पांढुरकें किंवा मेणासारखें दिसूं लागलें, म्हणजे धोका आला. 'आतां थंडी वाजेनाशी झाली' असें म्हणून हायसें वाटणें ही सर्वांत मोठी फसगत होय. बर्फानें पाय चोळावा ही समजूत नेपोलियनच्या फौजेच्या काळापासून चालत आली. ती चुकीची आहे. तशा चोळण्यानें गोठलेली त्वचा आणखी फाटते. बधिर पाय आगीवर धरणेंही घातुक, कारण भाजल्याचें कळत नाहीं. प्रारंभींच लक्षांत आलें तर बूट काढून, पाय सोबत्याच्या कांखेंत किंवा पोटाशीं धरून ऊब द्यावी. गोठणें खोल असेल तर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यांत पाय बुडविणें हा उपाय आहे. मात्र पुन्हां गोठण्याचा संभव असेल तर तो वाटेंत करूं नये. एकदां वितळून पुन्हां गोठलेल्या बोटाची हानि फार मोठी होते. अशा वेळीं खालीं उतरून दवाखाना गांठणें हेंच शहाणपण. शिखर पुढल्या वर्षींही तेथेंच असतें.

यादीच्या तळाशीं लिहिलेला 'बूट' हा शब्द म्हणून सर्वांत वर गेला पाहिजे, आणि त्यापुढें 'आहेत' असें न लिहितां 'महिनाभर चालून पाहिले' असें लिहिलें पाहिजे. कोट पातळ निघाला तर सोबत्याची शाल मागतां येते, भाकरी कमी पडली तर अर्धी वांटून घेतां येते. दुसऱ्याच्या पायानें मात्र कोणालाही घरीं परत येतां येत नाहीं.